विश्लेषण : समुद्रतळाशी द्वारका सापडली, तर महाभारत सिद्ध होईल का?

फेब्रुवारी २०२५ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचे पाच जणांचे पथक गुजरातमधील द्वारकेच्या किनाऱ्यावर पाण्यात उतरले. विभागाचे अतिरिक्त महासंचालक आलोक त्रिपाठी यांच्या नेतृत्वाखालील या पथकात महिला संशोधकही होत्या. गोमती खाडीजवळच्या भागापासून शोधाला सुरुवात झाली. त्याच्या वर्षभर आधी, २५ फेब्रुवारी २०२४ रोजी, ओखा आणि बेट द्वारका यांना जोडणाऱ्या सुदर्शन सेतूचे उद्घाटन करून पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनीही याच समुद्रात बुडी मारली होती आणि तळाशी मोरपिसे वाहिली होती. द्वारकेच्या समुद्रात कोणी उतरले की घरोघरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘कृष्णाची सोन्याची नगरी सापडली, महाभारत खरेच घडले’ अशा चित्रफितींचा पूर येतो. त्याच वेळी दुसऱ्या बाजूने ‘ही सगळी थापेबाजी आहे’ असा शेराही तितक्याच घाईने मारला जातो.

द्वारकेच्या समुद्रात दगड आहेत, हे खरे. त्यातले बरेच माणसाने घडवलेले आहेत, हेही खरे. प्रश्न त्यापुढचा आहे. घडवलेला दगड श्रद्धेची साक्ष देऊ शकतो का?

द्वारकेत आजवर कोणी, काय शोधले?

द्वारकेच्या पुरातत्त्वाची सुरुवात पुण्यातून झाली. १९६३ मध्ये डेक्कन कॉलेजने, गुजरात सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या साथीने, द्वारकाधीश मंदिराजवळ पहिले उत्खनन केले. मार्गदर्शन डॉ. हसमुख सांकलिया यांचे होते, तर अहवाल झैनुद्दीन अन्सारी आणि म. श्री. माटे यांनी लिहिला. तो १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला. इथली वस्ती साधारण इसवी सनाच्या आरंभापर्यंत मागे नेता येते, असे त्यातून दिसले. दोन हजार वर्षे हा काही लहान काळ नव्हे. पण कृष्णाच्या काळाची अपेक्षा धरून बसलेल्यांची त्याने निराशाच केली.

पुढचा अध्याय एस. आर. राव यांचा. लोथल हे हडप्पाकालीन बंदर शोधणारे हे मातब्बर पुरातत्त्वज्ञ. १९७९-८० मध्ये त्यांनी द्वारकाधीश मंदिराच्या आवारात खोदले. तिथे नवव्या शतकातील विष्णुमंदिराचे अवशेष निघाले. त्याच्याही खाली जुनी खापरे मिळाली आणि त्यांच्या आधारे राव यांनी वस्तीचा काळ इसवी सनापूर्वी दीड हजार वर्षांपर्यंत मागे नेला. जुने गाव समुद्राने गिळले असेल, तर त्याचे उरलेसुरले पाण्यातच मिळणार, हा त्यांचा पुढचा तर्क. त्यासाठी गोव्यात दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत १९८१ मध्ये सागरी पुरातत्त्वाचा विभाग सुरू झाला. भारतात पाण्याखालच्या पुरातत्त्वाचा पाया खऱ्या अर्थाने तिथेच घातला गेला.

१९८३ पासून या विभागाचे पाणबुडे द्वारका आणि बेट द्वारकेच्या समुद्रात उतरू लागले. समुद्रनारायण मंदिरासमोर, फार खोल नव्हे, काही मीटर पाण्यातच त्यांना घडीव दगडांचे ढीग, अर्धवर्तुळाकार आणि चौकोनी रचना आणि मोठ्या संख्येने जहाजांचे दगडी नांगर मिळाले. बेट द्वारकेत शंखाची एक छोटी मुद्रा मिळाली. तिच्यावर एकाच धडाला तीन प्राण्यांची मुंडकी कोरलेली आहेत. हरिवंशात द्वारकेच्या रहिवाशांनी ओळखीसाठी मुद्रा बाळगावी, असा उल्लेख येतो. राव यांनी ही मुद्रा थेट त्या उल्लेखाशी जोडली. एका बरणीवर काही अक्षरे होती, तीही त्यांनी वाचली. मात्र हडप्पा लिपीचे सर्वमान्य वाचन आजही झालेले नाही, हे इथे ध्यानात ठेवायला हवे. बेट द्वारकेतल्या खापरांचे वय प्रयोगशाळेत सुमारे साडेतीन हजार वर्षे निघाले. १९९९ मध्ये राव यांचे द्वारकेवरील पुस्तक प्रसिद्ध झाले आणि ‘द्वारका सापडली’ हे वाक्य रूढ झाले.

मग वाद कशाचा?

वाद दगडांच्या वयाचा आहे. तो समजण्यासाठी पुरातत्त्वात वय काढतात कसे, ते थोडक्यात पाहू.

जमिनीवरच्या उत्खननात मातीचे थर एकावर एक असतात. खालचा थर जुना, वरचा नवा. एखाद्या थरात कोळसा, धान्य, हाड असे काही सेंद्रिय मिळाले, तर त्यातल्या कार्बन-१४ चे प्रमाण मोजून वय काढता येते. सजीव मेला की त्यातला कार्बन-१४ दर ५,७३० वर्षांनी निम्मा होत जातो, हे त्यामागचे गणित. दगडाला हे गणित लागू पडत नाही. दगड कधी तयार झाला हे भूशास्त्र सांगेल, पण पाथरवटाने त्यावर छिन्नी कधी चालवली, हे सांगता येत नाही. तो कोणत्या थरात, कशाच्या सोबत मिळाला, यावरूनच अंदाज बांधावा लागतो.

खापरांसाठी थर्मोल्युमिनिसन्स नावाची पद्धत वापरतात. मातीतल्या खनिजांत आजूबाजूच्या किरणोत्साराची ऊर्जा साठत राहते. भांडे भट्टीत भाजले की हा साठा रिकामा होतो आणि पुन्हा शून्यापासून भरू लागतो. प्रयोगशाळेत खापर तापवले की साठलेली ऊर्जा प्रकाशाच्या रूपात बाहेर पडते. त्यावरून भांडे कधी भाजले, ते कळते. मात्र खापर किती काळ ओलसर जागेत होते, याचा या हिशेबावर परिणाम होतो. समुद्राच्या काठी आणि पाण्यात ही अडचण आणखी वाढते.

आता द्वारकेच्या समुद्राकडे परत येऊ. हा उघडा अरबी समुद्र आहे. दर पावसाळ्यात लाटा तळ ढवळून काढतात. इथे थरावर थर जागच्या जागी राहत नाहीत. त्यामुळे घडीव दगडाशेजारी खापर मिळाले, तरी दोघे एकाच काळातले आहेत असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. शिवाय साडेतीन हजार वर्षांपूर्वीची खापरे मिळाली ती बेट द्वारकेत, आणि चर्चेतल्या दगडी रचना आहेत द्वारकेसमोरच्या समुद्रात. दोन्हींत सुमारे ३० किलोमीटरचे अंतर आहे. एकीकडचे वय दुसरीकडे लावणे म्हणजे वडाची साल पिंपळाला लावण्यासारखे आहे.

राव यांच्या निष्कर्षांना सर्वांत गंभीर प्रश्न विचारले ते कुणा टीकाकाराने नव्हे, तर त्यांनीच उभारलेल्या गोव्याच्या विभागातल्या पुढच्या पिढीने. ए. एस. गौर, सुंदरेश, के. एच. व्होरा आदी संशोधकांनी पुन्हा बुड्या मारल्या, नकाशे काढले आणि नांगरांचा बारकाईने अभ्यास केला. नांगर हा इथला सर्वांत बोलका पुरावा आहे. त्यांत तीन प्रकार आढळतात. त्रिकोणी दगडाला तीन भोके असलेला एक, मधोमध भोक असलेला कड्यासारखा दुसरा आणि लांबट चौकोनी खांबासारखा तिसरा. या तिसऱ्या प्रकाराला वर एक गोल आणि खाली दोन चौकोनी भोके असतात. त्याला ‘भारत-अरबी’ नांगर म्हणतात आणि तो मध्ययुगीन काळातला आहे, कारण हिंदी महासागराच्या काठावर इतरत्रही तो त्याच काळात दिसतो. या अभ्यासातून समोर आलेले चित्र असे, की पाण्यातले बरेचसे अवशेष ऐतिहासिक आणि मध्ययुगीन काळातल्या एका गजबजलेल्या बंदराचे आहेत.

ही खरे तर मोठी बातमी होती. इथे अरबस्तान, इराणच्या आखाताकडून येणारी जहाजे थांबत असणार. बेट द्वारकेत तर रोमन व्यापाराशी नाते सांगणाऱ्या मद्यकुंभांचे तुकडेही मिळाले आहेत. पण ही बातमी लोकांपर्यंत फारशी पोहोचलीच नाही. ज्यांना कृष्णाची नगरी हवी होती त्यांना मध्ययुगीन बंदर नको होते, आणि ज्यांना कृष्णाची नगरी खोटी ठरवायची होती त्यांनाही बंदराशी काही देणेघेणे नव्हते. प्रत्यक्षात जे सापडले, ते अशा रीतीने दोन्ही बाजूंनी पोरके झाले.

समुद्राने शहर गिळले, या कथेचे काय?

महाभारताच्या मौसलपर्वात यादवांच्या अंतानंतर अर्जुन उरलेल्या लोकांना घेऊन बाहेर पडतो आणि मागे समुद्र द्वारका बुडवतो, असे वर्णन आहे. किनाऱ्यावरच्या लोकांना हे अशक्य वाटण्याचे कारण नाही. मात्र समुद्राच्या पातळीचा इतिहास वेगळे काही सांगतो. शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, जगभर समुद्र आजच्यापेक्षा सव्वाशे मीटरच्या आसपास खाली होता. हिम वितळत गेले तसा तो चढत गेला आणि साधारण सहा-सात हजार वर्षांपूर्वी आजच्या पातळीच्या जवळ आला. म्हणजे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे शहर बुडाले असेल, तर त्याचे कारण जगभर वाढलेला समुद्र हे नसून स्थानिक काही तरी असले पाहिजे. किनाऱ्याची धूप, जमीन खचणे, भूकंप ही त्यातली संभाव्य कारणे. सौराष्ट्र-कच्छचा पट्टा भूकंपप्रवण आहे, हे २००१ मध्ये सगळ्यांनी पाहिलेच.

त्यात आणखी एक गुंता आहे. आजची द्वारका हीच महाभारतातली द्वारका, हेही सर्वांना मान्य नाही. ग्रंथात द्वारकेजवळ रैवतक पर्वत सांगितला आहे. रैवतक म्हणजे गिरनार, अशी जुनी परंपरा आहे, आणि गिरनार आजच्या द्वारकेपासून खूपच दूर, जुनागढला आहे. कोडीनारजवळच्या गावाचे तर नावच मूळ द्वारका. तेव्हा शोधायचे ते नेमके कुठे, इथूनच मतभेद सुरू होतात.

तारखा जुळतात का?

महाभारताचा पुरावा शोधणारे राव एकटे नव्हते. त्यांच्या आधी, १९५० ते ५२ या काळात, बी. बी. लाल यांनी मेरठजवळच्या हस्तिनापूरला उत्खनन केले. तिथे त्यांना चित्रित करडी मृद्भांडी वापरणाऱ्या लोकांची वस्ती मिळाली आणि त्या वस्तीच्या अखेरीस गंगेच्या पुराने वाहून गेल्याच्या खुणाही मिळाल्या. परीक्षितानंतरच्या पिढ्यांतला राजा निचक्षू हा गंगेच्या पुरात हस्तिनापूर गेल्यावर राजधानी कौशांबीला हलवतो, असे पुराणे सांगतात. लाल यांनी ही दोन टोके जोडली. महाभारताशी नाते सांगणाऱ्या इतर अनेक ठिकाणीही हीच करडी भांडी तळाशी मिळतात, हा त्यांचा दुसरा मुद्दा होता.

आक्षेप लगेच आले. ही भांडी महाभारताशी काडीचा संबंध नसलेल्या शेकडो गावांतही मिळतात. शिवाय ती वापरणाऱ्यांची घरे कुडाची आणि मातीची होती. मयसभेसारखा राजवाडा सोडाच, पक्क्या विटांचे घरही त्या थरात दुर्मीळ. अर्थात, कवीने झोपडीचा महाल केला असेल, असे त्यावर म्हणता येते, आणि काव्यात तसे घडतेही.

पण खरी गंमत तारखांत आहे. लाल यांच्या हिशेबाने महाभारताचा काळ येतो इसवी सनापूर्वी सुमारे ९०० वर्षांच्या आसपास. राव यांच्या हिशेबाने द्वारका बुडते ती इसवी सनापूर्वी १५०० च्या सुमारास. दोघांत पाच-सहा शतकांचे अंतर. आणि परंपरा काय सांगते? कलियुगाचा आरंभ इसवी सनापूर्वी ३१०२ मध्ये झाला. कर्नाटकातील ऐहोळे येथे दुसऱ्या पुलकेशीच्या कारकिर्दीतला, इसवी सन ६३४-३५ चा शिलालेख आहे. त्यात रविकीर्ती या कवीने भारतीय युद्धाला ३,७३५ वर्षे झाल्याचे नोंदवले आहे. तो हिशेबही ३१०२ लाच येऊन पोहोचतो.

म्हणजे हस्तिनापूर ‘सिद्ध’ झाले असे मानले, तर द्वारकेची तारीख चुकते. द्वारका ‘सिद्ध’ झाली असे मानले, तर हस्तिनापूरची चुकते. आणि दोन्हींपैकी काहीही मानले, तरी परंपरेची तारीख हातची जाते. ‘पुरातत्त्वाने महाभारत सिद्ध केले’ असे लिहिणारे संदेश या तिन्हींना एकाच पंगतीत बसवतात. ही तारखांची विसंगती त्यांत कुठेच नसते.

पोथीलाही थर असतात

जमिनीच्या थरांबद्दल बोलताना ग्रंथाच्या थरांचा विसर पडतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम हाती घेतले. वि. सी. सुखटणकर हे त्याचे मुख्य संपादक. काश्मीरपासून केरळपर्यंतची १,२५९ हस्तलिखिते तपासून, ओळीशी ओळ ताडून पाहून हे काम १९६६ मध्ये पूर्ण झाले. त्यात अनेक लोकप्रिय प्रसंग मूळ संहितेत टिकले नाहीत. व्यास सांगतात आणि गणपती लिहून घेतो, ही घराघरात ठाऊक असलेली कथा त्यांपैकीच एक. ती नंतरची भर ठरून परिशिष्टात गेली.

ग्रंथ शतकानुशतके वाढत गेला, हे अभ्यासकांना मान्य आहे. मग समुद्रतळाशी मिळालेली भिंत यातल्या कोणत्या थराशी ताडून पाहायची? मुद्रा बाळगण्याचा उल्लेख ज्या हरिवंशात आहे, तो तर महाभारताचे खिल, म्हणजे पुरवणी. एका काळच्या वर्णनाला दुसऱ्या काळची वस्तू जोडली, की तयार होतो तो बादरायण संबंध.

जगात इतरत्र काय घडले?

हा पेच केवळ भारतापुरता नाही. होमरच्या महाकाव्यातले ट्रॉय शोधण्याच्या ध्यासाने हाइनरिश श्लीमान या जर्मन व्यापाऱ्याने तुर्कस्तानातल्या हिसारलिक टेकडीवर १८७० मध्ये खणायला घेतले. तिथे एक नव्हे, एकावर एक वसलेली नऊ नगरे निघाली. १८७३ मध्ये सोन्याचा मोठा साठा हाती लागला. श्लीमानने त्याला राजा प्रायमचा खजिना म्हणून जाहीरही केले. पुढे कळले, की ते सोने ट्रॉयच्या युद्धाच्या मानल्या गेलेल्या काळाहून हजारभर वर्षे जुने आहे. प्रायमच्या नगरीला पोहोचण्याच्या घाईत श्लीमानने टेकडीतून जो प्रचंड चर खणला, त्यात त्याला हव्या असलेल्या काळाचेच बरेच अवशेष नष्ट झाले. आज हिसारलिक म्हणजेच ट्रॉय, हे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणून लाकडी घोडा सिद्ध झाला, असे कुणी म्हणत नाही.

बायबलच्या भूमीत तर या प्रश्नावर शतकभर कुदळी चालल्या आहेत. जेरिको शहराच्या भिंती जोशुआच्या सैन्याच्या तुताऱ्यांनी कोसळल्या, अशी कथा आहे. १९३० च्या दशकात जॉन गार्स्टँग यांना पडलेली तटबंदी मिळाली आणि बायबल खरे ठरल्याचा डंका पिटला गेला. १९५० च्या दशकात कॅथलीन केनियन यांनी तीच जागा अधिक काटेकोरपणे खणली, तेव्हा ती तटबंदी जोशुआच्या मानलेल्या काळाच्या कित्येक शतके आधीच पडली असल्याचे दिसले. उलट १९९३ मध्ये उत्तर इस्रायलमधील तेल दान येथे इसवी सनापूर्वी नवव्या शतकातला एक लेख मिळाला आणि त्यात ‘डेव्हिडचे घराणे’ असे शब्द निघाले. डेव्हिड नावाचा राजा निव्वळ दंतकथा आहे, असे म्हणणाऱ्यांना त्यानंतर बरेच मागे यावे लागले. पण गोफणीच्या दगडाने गोलायथला लोळवणारा डेव्हिड त्या लेखात नाही. राजघराणे सापडले, कथा सापडली नाही.

खंबातचा धडा

भारतातही घाईचे एक ठळक उदाहरण आहे. २००१ मध्ये चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेला खंबातच्या आखातात ध्वनिलहरींच्या साह्याने तळाची पाहणी करताना चौकोनी रचनांसारख्या आकृत्या दिसल्या. तत्कालीन केंद्रीय मंत्री मुरली मनोहर जोशी यांनी ही माहिती जाहीर केली. तळातून ओरबाडून वर काढलेल्या वस्तूंत लाकडाचा एक तुकडा होता. त्याचे वय सुमारे साडेनऊ हजार वर्षे निघाले आणि जगातली सर्वांत जुनी नगरी सापडल्याचे मथळे झळकले.

लाकडाचे वय चुकीचे नव्हते. पण लाकूड जुने म्हणून शहर जुने, हे कसे ठरवणार? झाड साडेनऊ हजार वर्षांपूर्वी मेले, एवढेच ते लाकूड सांगते. खंबातच्या आखातात भरती-ओहोटीचा जोर देशात सर्वाधिक आहे. नर्मदा, तापी, साबरमती, मही या नद्या तिथे काय काय आणून टाकतात. तळ खणून नव्हे, तर खरवडून काढलेली वस्तू तिथलीच आहे, हे सांगणारा थरच उरत नाही. हे ‘शहर’ पुरातत्त्वाच्या पाठ्यपुस्तकांत काही पोहोचले नाही. समाजमाध्यमांवर मात्र त्याचा मुक्काम कायम आहे.

न्यायालयाने काय म्हटले?

श्रद्धा आणि उत्खनन यांची गाठ सर्वांत गंभीर रीतीने पडली ती अयोध्येत. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००३ मध्ये पुरातत्त्व विभागाने तिथे उत्खनन केले. ९ नोव्हेंबर २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने त्या अहवालाची दखल घेतली. मशिदीखाली आधीची वास्तू होती, ती इस्लामी नव्हती आणि साधारण बाराव्या शतकातली होती, हे न्यायालयाने मान्य केले. पण ती पाडून मशीद बांधली का, याचे उत्तर विभागाने दिलेले नाही आणि मधल्या सुमारे चार शतकांचा पुरावा नाही, हेही नोंदवले. जमिनीची मालकी पुरातत्त्वाच्या निष्कर्षावर ठरवता येत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. केवळ श्रद्धेवरही ती ठरत नाही आणि एखाद्याची श्रद्धा योग्य की अयोग्य, हे तपासणे न्यायालयाचे काम नाही, हेही सांगितले. जागा मंदिरासाठी देण्याचा निर्णय झाला तो ताबा आणि वापर यांच्या पुराव्यांच्या आधारे. निकालाबद्दल मते काहीही असोत, उत्खननाचा अहवाल किती सांगतो आणि कुठे गप्प होतो, हे त्यात ज्या नेमकेपणाने मांडले आहे, ते पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्यांनीही वाचण्यासारखे आहे.

मग पुरातत्त्व काय सिद्ध करू शकते?

बरेच काही, पण त्याला योग्य तो प्रश्न विचारला तर. नेपाळमधील लुंबिनीला १८९६ मध्ये अशोकाचा स्तंभ उजेडात आला. राज्याभिषेकाला २० वर्षे झाल्यावर आपण स्वतः इथे आलो, इथे बुद्धाचा जन्म झाला आणि म्हणून या गावाचा कर कमी केला, असे त्यावर कोरलेले आहे. बुद्धाच्या जन्माच्या वेळी घडलेले चमत्कार हा स्तंभ सिद्ध करत नाही. पण इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात बुद्धाचे जन्मस्थान म्हणून हीच जागा मानली जात होती, आणि त्या भावनेपोटी एका सम्राटाने महसुलावर पाणी सोडले, हे त्यातून निर्विवाद कळते.

महाराष्ट्रात असे पुरावे पावलोपावली आहेत. नाशिकच्या लेण्यांना लोक पांडवलेणी म्हणतात. पांडव वनवासात तिथे राहिले, असे आजी-आजोबा सांगत आले. भिंतींवरचे ब्राह्मी लेख मात्र वेगळीच नावे सांगतात. नहपानाचा जावई उषवदात, सातवाहनांची राजमाता गौतमी बलश्री. लेणी कोरली गेली ती बौद्ध भिक्खूंच्या निवासासाठी. इथे पुरातत्त्वाने लोककथा खोडून काढली. पण त्याच वेळी, डोंगरात कोरलेले काहीही भव्य दिसले की मराठी माणसाला पांडवच का आठवतात, हा नवा आणि अधिक रंजक प्रश्न समोर ठेवला.

आणि कृष्ण? जुन्नरजवळच्या नाणेघाटातल्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, साधारण इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला. पावसाळ्यात हजारो लोक भटकंतीसाठी तिथे जातात. त्या लेखाच्या आरंभी ज्या देवतांना वंदन आहे, त्यांत इंद्र, चंद्र, सूर्य यांच्या पंक्तीला संकर्षण आणि वासुदेव ही नावे आहेत. म्हणजे बलराम आणि कृष्ण. मध्य प्रदेशात विदिशेजवळ बेसनगरला त्याहून थोडा जुना गरुडस्तंभ उभा आहे. तो वासुदेवासाठी उभारणारा हेलिओडोरस हा तक्षशिलेहून आलेला ग्रीक राजदूत होता आणि तो स्वतःला भागवत म्हणवतो. अफगाणिस्तानात आय खानुम येथे १९७० मध्ये अगाथोक्लीस या ग्रीक राजाची चांदीची नाणी मिळाली. इसवी सनापूर्वी १८० च्या सुमाराच्या त्या नाण्यांवर एका बाजूला चक्र आणि शंख घेतलेला वासुदेव आहे, तर दुसऱ्या बाजूला नांगर आणि मुसळ घेतलेला संकर्षण.

सुमारे २,२०० वर्षांपूर्वी कृष्णभक्ती ऑक्सस नदीच्या काठापासून सह्याद्रीच्या घाटापर्यंत पसरलेली होती, ती राजे, राण्या आणि परदेशी वकील यांच्यापर्यंत पोहोचली होती, हे कोणत्याही श्रद्धेची गरज न लागता सिद्ध आहे. वय ठाऊक आहे, जागा ठाऊक आहे, लेख वाचता येतो. द्वारकेच्या समुद्रातल्या दगडाला यातले काहीच नाही. तरीही मोबाइलवर फिरतो तो दगडच.

आता पुढे काय?

२०२५ च्या मोहिमेचा उद्देश पुरातत्त्व विभागाने जाहीर केला आहे तो असा : पाण्याखालचे अवशेष शोधणे, त्यांची नोंद करणे आणि तळातला गाळ, पुरातत्त्वीय आणि सागरी निक्षेप यांच्या शास्त्रीय विश्लेषणातून वस्तूंचा काळ ठरवणे. त्रिपाठी यांनी २००७ मध्येही द्वारकेत जमिनीवर आणि पाण्यात उत्खनन केले होते, त्यामुळे तळाची त्यांना ओळख आहे. यावेळी भर गाळावर आहे, हे महत्त्वाचे. ढवळल्या न गेलेल्या गाळाचा थर कुठे हाती लागला, त्यात कोळसा किंवा लाकूड मिळाले आणि तो थर घडीव दगडाच्या खाली आहे की वर, हे कळले, तर चाळीस वर्षे अडलेला वयाचा प्रश्न पुढे सरकेल.

या समुद्रात पावसाळ्यात बुडी मारता येत नाही आणि हिवाळ्यातही पाणी गढूळ झाले की दिवस वाया जातो. नमुने प्रयोगशाळेत जातील, वयाचे आकडे येतील, मग अहवाल. तो आला की पहिल्या पानावरच्या छायाचित्रांपेक्षा मागच्या तक्त्यांकडे बघावे. तिथे प्रत्येक नमुन्यासमोर तो कोणत्या थरातून, किती खोलीवरून आणि कशाच्या सोबत मिळाला, याचे रकाने असतात. ते रकाने भरलेले असतील, तर द्वारकेबद्दल काही नवे कळेल, मग ते बंदर निघो वा आणखी काही.